क्लिअरिंगच्या रकान्यातले पाच दिवस

आमची कंपनी स्टीलची भांडी आणते. पातेली, पराती, डबे, हॉटेलात लागणारे मोठे टोप, कप्प्यांची ताटं. माल मुंबईजवळच्या बंदरातून निघतो, चार-पाच दिवसांत दुबईच्या बंदरात उतरतो आणि शारजा औद्योगिक क्षेत्रातल्या आमच्या गोदामात येतो. त्यातला निम्म्याहून अधिक इथे राहत नाही, पेट्या न उघडता पुढे आफ्रिकेतल्या बंदरांकडे जातो. इथे नवा आलेला माणूस पहिल्यांदा हेच विचारतो, की जे आपण बनवत नाही आणि जे निम्मं वापरतही नाही, त्यावर इतकी माणसं पोट कशी भरतात? मीही विचारलं होतं. उत्तर असं, की मालाला इथे थांबावं लागत नाही, म्हणून तो इथून जातो.

मी या कंपनीत आयातीची कागदपत्रं सांभाळतो. अकरा वर्षं झाली. रुजू झालो त्याच आठवड्यात मी एक्सेलमध्ये एक तक्ता सुरू केला. प्रत्येक कंटेनरला एक ओळ. जहाज धक्क्याला लागलं ती तारीख, माल गोदामात आला ती तारीख, आणि दोन्हींतल्या दिवसांचा तिसरा रकाना. त्या रकान्याला मी नाव दिलं ‘क्लिअरिंग’. तेव्हा ते नाव मला अगदी बरोबर वाटलं होतं.

गेल्या वर्षी एक फॉर्म आला. कारण असं. जगातले बरेचसे देश ज्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेचे सभासद आहेत, तिथे दर काही वर्षांनी प्रत्येक देशाच्या व्यापारधोरणाची तपासणी होते. देश स्वतःचा अहवाल लिहितो, संस्थेची माणसं त्यांचा वेगळा लिहितात, आणि मग बाकीचे सभासद लेखी प्रश्न विचारतात. जकात किती, परवाना कोणाला, माल सोडायला किती वेळ. त्या प्रश्नांना लेखी उत्तरं द्यावी लागतात आणि ती सगळी पुढे कोणालाही वाचायला मिळतात. आता या देशाची पाळी येणार होती, म्हणून सरकारी खात्याने आधीच काही व्यापाऱ्यांकडून माहिती मागवली होती. आमच्यासारख्या मध्यम कंपनीलाही.

मी मागच्या तपासणीची कागदपत्रं शोधून काढली. मुलगी बारावीला आहे. दुबईतल्या ऊद मेथा भागातल्या शाळेत तिचा जादा तास असला की मला दीड तास गाडीत बसावं लागतं. तिथे पार्किंगमध्ये बसून मी ती वाचली. सगळीच उत्तरं मोकळी नव्हती. काही लांबलचक होती आणि त्यात फार काही नव्हतं. असली उत्तरं आम्हीही लिहितो, त्यामुळे लगेच ओळखू आली. पण बरीच उत्तरं सरळ होती. हा कायदा अजून झालेला नाही. ही फी अमुक कारणासाठी घेतो. ही अट काढायचा विचार चालू आहे. लहान देश, दुसऱ्यांच्या मालावर उभा, आणि त्याच दुसऱ्यांना घरात बोलावून कपाटं उघडून दाखवतोय. मी आयुष्यभर तपासणी म्हटलं की कपाटाला कुलूप लावणारी माणसं पाहिली. मला हे आवडलं.

फॉर्मवर चौथा प्रश्न होता: माल बंदरात आल्यापासून तुमच्या गोदामात येईपर्यंत सरासरी किती दिवस लागतात?

आमचे शेठ गुजराती, जन्म शारजातलाच, वय माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी कमी. मला काका म्हणतात.

“काका, एक-दो दिन लिख दो. अच्छा दिखेगा. यल्ला, चलो, भेज दो.”

“शेठ, देखके लिखता हूं.”

“आपको सिग्नल हरा हो तो भी देखके जाना है.”

“हरे में ही तो ठोकते हैं, शेठ.”

मी तक्ता उघडला. सरत्या वर्षात बावन्न कंटेनर आले होते. तिसऱ्या रकान्याची बेरीज दोनशे त्र्याहत्तर दिवस. सरासरी सव्वापाच. मी ५.२५ असं लिहून फॉर्म शेठकडे सहीला नेला.

त्यांनी सही केली, पण पेन खाली ठेवलं नाही. “सव्वापांच? इक्का सोता है क्या?”

इक्का म्हणजे आमचा क्लिअरिंग एजंट. मल्याळी माणूस, साठी उलटलेली. त्याच्या भाषेत मोठ्या भावाला इक्का म्हणतात, आणि बंदरापासून आमच्या गोदामापर्यंत सगळे त्याला तेच म्हणतात. आमच्या कंटेनरचं डिक्लरेशन, म्हणजे आत काय माल आहे त्याची नोंद, कस्टम्सच्या सिस्टिममध्ये भरायचं आणि माल सोडवून आणायचा, हे त्याचं काम. ऑफिसात तो आणि एक मदतनीस, एवढाच कारभार. त्याचं निम्म्याहून जास्त काम आमचं. त्याचा आमच्याशी वर्षाचा करार असतो, तो महिनाअखेरीला संपत होता.

“दुबईवाली बडी एजन्सी अडतालीस घंटे बोलती है,” शेठ म्हणाले. “मैंने कभी पूछा नहीं था, इसलिए पता नहीं चला. अच्छा हुआ आपने निकाला. अगले गुरुवार को उनको बुलाओ.”

मी बरं म्हणालो. खरं सांगायचं तर मला थोडं समाधानच वाटलं. अकरा वर्षं ठेवलेला तक्ता कोणाच्या तरी उपयोगी पडला होता. आमचं काम गेलं तर इक्काला लायसन्सचा खर्च परवडणार नाही, लायसन्स नाही तर व्हिसा नाही, आणि या वयात त्याला गाव गाठावं लागेल, हे मला माहीत होतं. वाईटही वाटलं. पण आकडा समोर होता.

आठवड्याने सकाळी फोन आला. खात्यातली बाई होती, इथलीच, आवाजावरून तिशीतली. इंग्रजीत बोलत होती.

“तुमच्या फॉर्मवर सव्वापाच दिवस आहेत,” ती म्हणाली.

परक्या देशात सरकारी फोनवर आपला आकडा ऐकला की पहिल्यांदा व्हिसा आठवतो. मी म्हणालो, “मॅडम, हा फक्त आमच्या कंपनीचा आकडा आहे. इतरांचा वेगळा असू शकेल.”

“नाही, नाही, मला आवडला तो. पुष्कळांनी ‘एक ते दोन’ लिहिलंय. दशांश चिन्ह फक्त तुमच्याकडे आहे.” ती हसली. “पण मला एक गोष्ट कळत नाही. तुमचं डिक्लरेशन सिस्टिममध्ये पडलं की सरासरी सहा तासांत सुटतं. मी बघून सांगतेय. मग बाकीचे पाच दिवस कुठे जातात? आमची चूक असेल तर ती बाहेरच्यांनी विचारायच्या आधी मला कळायला हवी.”

पुण्यात कारखान्याच्या एक्साइज विभागात मी नऊ वर्षं काढली. सरकारी माणसाने फोन करून ‘आमची चूक असेल तर सांगा’ असं म्हटल्याचं एकदाही आठवत नाही. मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली.

सहा तास कस्टम्सचे. म्हणजे डिक्लरेशनच उशिरा पडत होतं. ते टाकतो इक्का. मी दुपारी गाडी काढून त्याच्याकडे गेलो. त्याचं ऑफिस टायरच्या दुकानावरच्या माळ्यावर. मनात वाक्य तयार होतं: इक्का, कागद दाबून का ठेवतोस?

तो भात खाऊन हात पुसत होता. “आओ साब. सुना है नया आदमी आ रहा है.”

बंदरात बातमी आधीच पोचली होती. मी विषय टाळून विचारलं, “इक्का, जहाज लगने के बाद तुम डिक्लरेशन कितने दिन में डालता है?”

“जिस दिन आप बोलता है, उस दिन.”

“मैं कब बोलता हूं?”

त्याने माझ्याकडे नीट बघितलं, मी थट्टा करतोय का ते ताडून पाहिलं, आणि फोन काढला. व्हॉट्सॲपवर आमच्या दोघांचं सगळं बोलणं होतं. तो अंगठ्याने वर वर सरकवत गेला. त्याचा मेसेज: जहाज आ गया साब, डालूं? माझा: ओरिजिनल आने दो. त्याचा: आ गया साब, डालूं? माझा: ओरिजिनल नहीं आया. कंटेनर बदलत होते, महिने बदलत होते, आमची दोन वाक्यं बदलत नव्हती.

“जहाज आ जाता है, बर्तन आ जाता है,” इक्का म्हणाला, “और आप का कागज अभी मुंबई में चाय पीता है.”

हे ओरिजिनल म्हणजे काय ते सांगायला हवं. माल भारतात बनला असं प्रमाणपत्र असलं की आमच्या भांड्यांवरची पाच टक्के जकात माफ होते. भारताशी करार झाल्यापासून हे प्रमाणपत्र ऑनलाइन निघतं. त्यावर चौकोनी कोड असतो, तो स्कॅन केला की खरंखोटं कळतं. कागदाची गरजच राहिलेली नाही. पण मी मुंबईच्या ऑफिसकडून ते छापून, शिक्का मारून, निळ्या शाईत सही करून कुरियरने मागवत होतो. एका पाकिटाला एकशेवीस दिरहम, म्हणजे आपले अठ्ठावीसशे रुपये. आणि कुरियर जहाजापेक्षा हळू. पाकीट माझ्या टेबलावर येईपर्यंत मी डिक्लरेशन भरू देत नव्हतो.

याला कारण होतं. मी नवा असताना, जुन्या नियमांच्या काळात, मूळ कागदावर शिक्का नाही म्हणून एक कंटेनर अकरा दिवस अडकला होता. तेव्हा शेठचे वडील कारभार बघायचे. त्यांनी सगळ्या स्टाफसमोर मला झापलं. त्या दिवसापासून शिक्क्याचा कागद हातात आल्याशिवाय मी एक पाऊल पुढे टाकलेलं नाही. नियम बदलला, मी बदललो नाही. बंदरात माल काही दिवस फुकट ठेवता येतो आणि आम्ही कसेबसे त्या मुदतीत बसत होतो, म्हणून कोणाला टोचलंही नाही.

“तुमने कभी बोला क्यों नहीं?”

“चार बार बोला साब. आप बोला, कंपनी का सिस्टिम है. मैं सोचा, हिसाब का पक्का आदमी है, कुछ कारण होगा.”

“और शेठ को?”

“शेठ को कैसे बोलूं? आप का नाम आता.”

हे तो सहज बोलला आणि मला चहा मागवायला उठला. त्याचं काम हातातून चाललं होतं ते माझ्या रकान्यामुळे, आणि रकाना भरला होता माझ्याच मेसेजांनी. हे त्याला ठाऊक होतं आणि तरी तो माझं नाव घेत नव्हता.

ऑफिसात परतून मी बावन्न ओळींचे तुकडे केले. जहाजातून माल उतरून मिळायला एकोणचाळीस दिवस. कस्टम्सचे तेरा. आमचा ट्रक मिळायला एकोणचाळीस. आणि कागदाची वाट बघण्यात एकशे ब्याऐंशी. दर कंटेनरला साडेतीन दिवस. पुन्हा बेरीज केली. दोनशे त्र्याहत्तरच आली. इक्काच्या नावावर टाकावा असा एकही दिवस सापडला नाही.

गुरुवारला तीन दिवस होते. मी त्यातला एक वाया घालवला, हे कबूल करतो. गप्प राहिलो असतो तर काहीच झालं नसतं. नवी एजन्सी आली असती, मी हळूच पाकीट मागवणं बंद केलं असतं, दिवस कमी झाले असते आणि शेठने नव्या एजन्सीची पाठ थोपटली असती. हिशेब जुळला असता. खोटा, पण जुळला असता.

संध्याकाळी जेवताना घरी सांगितलं. बायको म्हणाली, “अहो, तुम्ही दोन दिरहमची कोथिंबीर घेतलीत तरी बिल मागता. आणि इथे एका माणसाचं घर उठतंय तर विचार करताय?”

“विचार नाही करत. कसं सांगायचं ते बघतोय.”

मुलगी ताटातून मान वर न करता म्हणाली, “बाबा, जस्ट टेल हिम. इट्स युअर डेटा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठच्या केबिनमध्ये गेलो, चार ओळींचा कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. व्हॉट्सॲपवरचे मेसेजही दाखवले. त्यांनी चारही ओळी बोट फिरवत वाचल्या.

“काका, ये आप मुझे क्यों बता रहे हो? इक्का तो जा ही रहा था. बात खलास थी.”

“इसीलिए, शेठ.”

“मतलब नई एजन्सी आती...”

“तो भी सव्वापांच दिन ही लगते. रोकनेवाला मैं हूं.”

ते मोठ्याने हसले. मग हसू थांबलं. “पप्पा ने डांटा था न आपको? मैं उधर ही बैठा था, कॉलेज की छुट्टी थी. इतने साल से वो डांट पकड के बैठे हो?”

मी बसलो. मला वाटत होतं ते रागावतील, पगाराचं काही बोलतील. ते म्हणाले, “गुरुवारवालों को मना कर दो. इक्का का कागज लाओ, साइन करता हूं. और मुंबई को मेल आप लिखोगे, अपने नाम से. ओरिजिनल बंद.” मी दारापर्यंत गेलो तेव्हा मागून आवाज आला, “मेल का प्रिंट निकाल के फाइल मत करना!”

मेल लिहून झाल्यावर मी प्रिंट काढलंच. ते मी त्यांना सांगितलं नाही.

खात्यातल्या बाईंना मी सुधारलेली माहिती पाठवली. साडेतीन दिवसांपुढे ‘कंपनीची स्वतःची पद्धत’ असं लिहिलं. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं. एक, आभार. दुसरी ओळ प्रश्नाची होती: नियम बदलल्याचं आमचं पत्रक तुम्हाला मिळालं नव्हतं का?

मिळालं होतं. माझ्या फाइलमध्ये होतं, पिवळ्या मार्करने खुणा केलेलं. मी खरं तेच कळवलं. पत्रकात म्हटलं होतं की ऑनलाइन प्रमाणपत्र चालेल. कागद मागवू नका, असं कुठे म्हटलं नव्हतं. माझ्यासारखा माणूस अशा वेळी दोन्ही ठेवतो. आणि माझ्यासारखी माणसं या धंद्यात पुष्कळ आहेत, बहुतेक भारतातूनच आलेली.

त्यांचा फोन आला. “हे मला कोणीच सांगितलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “आम्हाला वाटत होतं दार उघडलं की लोक आत येतात.”

पुढच्या महिन्यात नवं पत्रक निघालं. अरबीत आणि इंग्रजीत, अर्ध्या पानाचं. पहिलंच वाक्य: छापील मूळ प्रत मागवण्याची किंवा जवळ ठेवण्याची गरज नाही. मी ते तीनदा वाचलं. माझं एक पत्र, एका बाईंनी ते गांभीर्याने घेणं, आणि एका महिन्यात देशभरच्या आयातदारांसाठी एक वाक्य. तपासणीची बैठक अजून व्हायची आहे. तिथे कोण काय विचारेल आणि कोण काय उत्तर देईल, मला माहीत नाही. पण बाहेरच्यांनी बोट दाखवायच्या आधी आपण होऊन घरात शोधाशोध करणारं सरकार मी इथे पाहिलं, आणि त्याबद्दल मला आदर आहे.

इक्का करारावर सही करायला ऑफिसात आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट. सही झाली, तरी खुर्चीतून उठेना.

“साब, एक बात है. वो आप का तक्ता.”

“ठीक कर दिया, इक्का. पूरे साल का.”

“एक साल का नहीं. सब का. ग्यारह साल से मेरे काम पर पांच-पांच दिन लिखा है. पहले नियम था, कागज जरूरी था, मानता हूं. पर वो भी मेरा दिन नहीं था न?”

त्याचं म्हणणं बरोबर होतं. जुन्या काळात वाट बघणं भाग होतं, पण ते दिवस कागदाचे होते, इक्काचे नव्हते. तक्ता कोणी बघत नाही, कोणी बघणारही नव्हतं. तरी तो त्याच्या कामाचा एकमेव लेखी पुरावा होता, आणि तो चुकीचा होता.

एकूण पाचशे एकोणसाठ ओळी. रविवारच्या सकाळी जेवणाच्या टेबलावर मी आणि मुलगी समोरासमोर बसायचो. ती तिच्या सरावपरीक्षांना, मी जुन्या कुरियरच्या पावत्या, बंदराच्या नोंदी आणि ईमेल घेऊन. एका रकान्याचे चार झाले. सात रविवार लागले. एकदा तिने विचारलं, “हू विल एव्हर सी धिस, बाबा?” मी म्हणालो, इक्का. तिने मान हलवली आणि परत लिहायला लागली.

काम संपलं तेव्हा दोन ओळी उरल्या. कागद वेळेवर आला होता, मीही होय म्हटलं होतं, आणि तरी डिक्लरेशन एकदा दोन दिवसांनी तर एकदा तीन दिवसांनी पडलं होतं. हे पाच दिवस खरोखर त्याचे होते. मी तक्ता छापून त्याच्या ऑफिसात नेला आणि त्या दोन ओळींवर बोट ठेवलं. म्हटलं, या मला काढता येत नाहीत.

त्याने चष्मा लावून तारखा वाचल्या. पहिलीवर थोडा थांबला. “इस टाइम बुखार था. मदतनीस भी नहीं था.” दुसऱ्या तारखेवर त्याचा चेहरा खुलला.

“ये रहने दो साब,” तो म्हणाला. “ये बडी बेटी की शादी का है. मैं गांव में था.”